विश्लेषण : काचेच्या पेटीतले जंगल… पाळीव सापासाठी ‘जिवंत’ घर कसे तयार होते? भारतात ते चालते का?

चार फुटी काचेची पेटी, आत शेवाळलेले लाकूड, त्यावरून खाली उतरलेला मनीप्लांट, फर्नची पाने आणि त्या पानांआड वेटोळे घालून बसलेला तपकिरी-सोनेरी अजगर. अशा चित्रफिती सध्या मोबाइलवर सतत समोर येतात. त्याखालचे प्रश्नही ठरलेले असतात. हे घरी करता येते का? खर्च किती? साप कुठे मिळतो? यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर थेट वन्यजीव कायद्यात जाते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर माती, पाणी आणि उष्णता यांच्या हिशेबात आहे आणि तो हिशेब चुकला तर किंमत साप मोजतो. झाडे लावलेल्या या ‘बायोॲक्टिव्ह’ पेट्या कशा चालतात आणि महाराष्ट्राच्या हवेत त्यांचे काय होते, याचा हा आढावा.

‘बायोॲक्टिव्ह’ पेटी म्हणजे नेमके काय?

पाळीव साप ठेवण्याची जुनी पद्धत साधी आहे. प्लास्टिकचा किंवा काचेचा डबा, तळाला वर्तमानपत्र, पाण्याचे भांडे, लपायला एखादी पेटी. घाण झाली की कागद बदलायचा. बायोॲक्टिव्ह पेटीत कागदाच्या जागी खरी माती येते. त्या मातीत जिवाणू, बुरशी आणि बारीक किडे राहतात. ते सापाची विष्ठा, कातीचे तुकडे आणि गळालेली पाने खातात, त्यातून तयार होणारे नायट्रेट झाडांची मुळे घेतात. घरात ओल्या कचऱ्याचे खत करणाऱ्यांना हे तत्त्व नवे नाही. फक्त इथे खताच्या डब्यात एक साप राहत असतो.

‘एकदा लावा, पुन्हा कधी साफ करू नका’ असा प्रचार मात्र अर्धसत्य आहे. मोठ्या सापाची विष्ठा किड्यांच्या आवाक्याबाहेरची असते. ती आणि सोबतचा युरिक ॲसिडचा पांढरा, खडूसारखा गोळा हाताने काढावाच लागतो. किडे मागे राहिलेले सांडलवंड निस्तरतात.

ही कल्पना आली कुठून?

तिचा पाया सापाशी नव्हे, तर पतंगाच्या कोषाशी जोडलेला आहे. लंडनचे डॉक्टर नॅथानिएल बॅगशॉ वॉर्ड यांनी १८२९ मध्ये एक कोष ओलसर मातीसह झाकणबंद बाटलीत ठेवला होता. लंडनच्या धुरकट हवेत त्यांची नेची जगत नसत. बाटलीतल्या मातीत मात्र आपोआप नेचे उगवले. त्यातून ‘वॉर्डियन केस’ ही बंद काचपेटी आली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपे भारतात आणली ती याच पेट्यांतून. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी जगातले पहिले स्वतंत्र दालन सुरू झाले. काचपेटीतली झाडे आणि काचपेटीतला साप एकत्र यायला मात्र बराच काळ गेला. युरोप-अमेरिकेतल्या विषारी बेडूक पाळणाऱ्या हौशी मंडळींनी आधी ओलसर, झाडांच्या पेट्या रूढ केल्या आणि साप पाळणाऱ्यांनी ती पद्धत उचलली.

भारतात कोणता साप पाळता येतो?

देशी सापांपैकी एकही नाही. नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ यांना पकडणे, घरात ठेवणे किंवा विकणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. ‘धामण बिनविषारी आहे, मग चालते’ हा समज चुकीचा आहे. कायदा विष पाहत नाही. भारतीय अजगर पहिल्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

चित्रफितींत दिसणारा साप बहुधा ‘बॉल पायथन’ असतो. तो पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर आहे. घाबरला की डोके आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून हे नाव. विदेशी असला तरी तो कायद्याच्या बाहेर नाही. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो आहे. २०२२ मध्ये संसदेने केलेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्सच्या यादीतल्या प्रजातींसाठी कायद्यात चौथी अनुसूची आली. पुढे २८ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्राने नोंदणीचे नियम काढले. ज्यांच्याकडे असे जिवंत प्राणी होते त्यांना ‘परिवेश’ पोर्टलवर माहिती देण्यासाठी सहा महिने मिळाले. त्यानंतर प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत नोंद करायची आहे. पिल्ले झाली, प्राणी मेला किंवा दुसऱ्याला दिला, तरी कळवायचे. त्याआधी २०२० च्या स्वेच्छा-घोषणा योजनेत मुदतीत माहिती देणाऱ्यांकडे कागद मागितले गेले नव्हते. ती मुदत केव्हाच संपली आहे. ‘आता नुसती नोंद करून टाका, काही विचारत नाहीत’ असे सांगणारा विक्रेता याच जुन्या योजनेचा हवाला देत असतो.

अमेरिकेतला ‘कॉर्न स्नेक’ साइट्सच्या यादीत नाही, त्यामुळे ही नोंदणी त्याला लागू होत नाही. पण तो देशात आणायला परवाना लागतोच. कागदांशिवाय आलेला साप कसा आलेला असतो याचे एक उदाहरण पुरे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात, बिस्किटे आणि केकच्या पुड्यांत, नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले होते. महसूल गुप्तचर संचालनालयाने ही कारवाई केली. म्हणून पेटीतले पहिले रोप लावण्याआधी आयात परवाना, नोंदणी आणि हस्तांतरणाचे कागद पाहणे ही या छंदाची खरी पहिली पायरी आहे.

सापाला जंगल हवे असते का?

बॉल पायथनपुरते बोलायचे तर घनदाट जंगल हे त्याचे घरच नाही. तो गवताळ माळरानात आणि विरळ झाडीत राहतो. दिवसाचा बराच वेळ उंदरांच्या बिळात नाही तर वाळवीच्या वारुळात काढतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. म्हणजे चित्रफितीतले हिरवेगार वर्षावन मुख्यतः बघणाऱ्यासाठी असते. सापाला आधी हवी अंगाला सर्व बाजूंनी घासेल अशी अरुंद, अंधारी जागा. अशा दोन जागा लागतात, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला. एकच ठेवली तर सुरक्षित राहायचे की शरीराचे तापमान सांभाळायचे, यातून त्याला निवडावे लागते आणि तो बहुतेक वेळा लपणे निवडतो.

झाडांचा उपयोग नाही असे नाही. पाने आडोसा देतात, मुळे माती धरून ठेवतात आणि उघड्या जागेतून जाताना साप कमी बिथरतो. पूर्ण वाढलेला बॉल पायथन तीन ते पाच फुटांचा होतो. त्याला एकदा तरी सरळ पसरता यावे, या हिशेबाने चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच ही पेटी किमान मानली जाते. लांबलचक मादी असेल तर तीही अपुरी पडते.

मातीचे थर कसे रचतात?

तळाला दीड-दोन इंच भाजलेल्या मातीचे हलके गोळे टाकतात. रोपवाटिकेत ते ‘क्ले बॉल’ म्हणून मिळतात. त्यावर जाळी आणि जाळीवर माती. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे टाकण्याचीच ही रीत.

इथे एक गैरसमज पक्का बसला आहे. या थरामुळे माती लवकर निथळते, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात बारीक कणांची माती केशाकर्षणाने पाणी धरून ठेवते आणि ती पूर्ण भिजेपर्यंत पाणी खालच्या जाड थरात उतरतच नाही. हा थर पाणी ओढणारी मोरी नव्हे, तर जास्तीचे पाणी साठवणारी टाकी आहे. काचेच्या पेटीला कुंडीसारखे भोक नसते, त्यामुळे टाकी भरली की पाणी पुन्हा मातीत चढते आणि मुळे कुजतात. म्हणून अनुभवी लोक एका कोपऱ्यात उभी नळी ठेवतात आणि साठलेले पाणी तिच्यातून पिचकारीने काढतात.

वरच्या मिश्रणात साधारणपणे कोकोपीट, बागेची माती, थोडी वाळू आणि कुजलेली पाने असतात. परदेशी हौशी लोक ज्या नारळाच्या भुशाच्या विटा महाग विकत घेतात त्या बहुतांश भारत आणि श्रीलंकेतूनच जातात. पालापाचोळ्याचेही तसेच. तिकडे देशी बदामाची सुकी पाने पाकिटात विकली जातात. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर ती झाडून टाकली जातात. रस्त्याकडेच्या झाडांची पाने धुऊन, उकळून घ्यावी लागतात, एवढाच फरक.

मातीत निंबोळी पेंड, रासायनिक खत किंवा कीटकनाशक नको. झाडाला चालणारे हे पदार्थ किड्यांना मारतात. पर्लाइटचे पांढरे दाणेही काढलेले बरे, भक्ष्याला चिकटून ते पोटात जाऊ शकतात. रोपवाटिकेच्या मातीत कधी गांडुळासारखा काळसर, चकचकीत वाळा निघतो. तो अंध, निरुपद्रवी सापच आहे आणि कुंड्यांमधून जगभर पसरल्यामुळे इंग्रजीत त्याचे नावच ‘कुंडीतला साप’ असे पडले आहे. त्याला बाहेर ओल्या मातीत सोडून द्यावे.

थराची जाडी चार ते पाच इंच धरली तर चार बाय दोन फुटांच्या पेटीत ८० लिटरहून जास्त मिश्रण लागते. ओल्या मिश्रणाचे वजन लिटरमागे पाऊण ते एक किलो धरा. काच, लाकूड, दगड सोडून नुसती माती ६५ ते ८५ किलो भरते. दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या टेबलावर ही पेटी ठेवण्याचा विचार इथेच संपायला हवा.

‘सफाई कामगार’ कोण?

मुख्यतः दोन जीव. पहिला स्प्रिंगटेल, हा मिलिमीटरभर लांबीचा, पांढरा, उड्या मारणारा जीव बुरशी खातो. दुसरा आयसोपॉड, म्हणजे कुंडी उचलली की खाली दिसणारा, करड्या पाठीचा, अनेक पायांचा किडा. त्याच्यातल्या काही जाती हात लावताच गोळा होतात. कीटक नव्हे, तो झिंग्या-खेकड्यांचा जमिनीवरचा नातेवाईक आहे. म्हणूनच त्याला ओल लागते. कल्ल्यांसारख्या अवयवांनी श्वास घेणाऱ्या या जिवाला कोरडी पेटी मारते. पावसाळ्यात अंगणात दिसणारा ‘वाणी’ वेगळा, त्याची इथे गल्लत नको.

पेटी लावल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लाकडावर पांढरी बुरशी येते. घाबरून बरेच जण सगळे उपसून टाकतात. तशी गरज नसते. स्प्रिंगटेल वाढले की ती बहुधा ओसरते. साप आत सोडण्यापूर्वी चार ते सहा आठवडे थांबायचे, ते यासाठीच. तेवढ्या काळात मुळेही माती पकडतात. दीड-दोन किलोचा साप नव्याने लावलेल्या रोपावरून एकदा गेला तरी ते आडवे होते.

कोणती झाडे टिकतात?

चेंगरली तरी पुन्हा फुटणारी. मनीप्लांट त्यात पहिला. स्पायडर प्लांट आणि काही नेची चालतात. सर्वांत चिवट म्हणजे ‘स्नेक प्लांट’, त्याची जाड, उभी पाने साप अंग घासत गेला तरी मोडत नाहीत. योगायोग असा की हे झाडही मूळ पश्चिम आफ्रिकेचेच, म्हणजे बॉल पायथनच्या शेजारचे. साप पाने खात नाही, त्यामुळे मनीप्लांटच्या चिकातल्या खाजऱ्या घटकांचा त्याला सहसा त्रास होत नाही. नवे रोप मात्र मुळे धुऊन काही आठवडे वेगळे ठेवायला हवे, कारण रोपवाटिकेत त्याच्यावर काय फवारले आहे हे कुणीच सांगत नाही.

खरी अडचण कुठे येते?

उष्णता आणि ओल यांच्या मेळात. बॉल पायथनच्या पेटीचे एक टोक ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरे २५ ते २७ अंश असावे लागते. थंड रक्ताचा हा प्राणी या दोन टोकांमध्ये फिरून स्वतःचे तापमान जुळवतो. आर्द्रता ६० ते ८० टक्के.

आता हे दोन आकडे एकत्र ठेवा. २५ अंशांना ८० टक्के आर्द्रता असलेली हवा ३२ अंशांपर्यंत तापली, तर बाष्प तेवढेच राहूनही सापेक्ष आर्द्रता सुमारे ५३ टक्क्यांवर येते. म्हणजे एकाच पेटीत, एकाच क्षणी, एका टोकाचा मापक ‘उत्तम’ सांगतो आणि दुसऱ्या टोकाचा ‘कोरडे’. एकच मापक लावणारे लोक मग उबदार टोकाचा आकडा वाढवण्यासाठी दिवसभर पाणी फवारतात, थंड टोकाला चिखल होतो आणि सापाच्या पोटाकडचे खवले सडू लागतात. दोन मापक हवेत, आणि पाणी वरून फवारण्यापेक्षा कोपऱ्यांतून मातीत ओतावे. खालचा थर ओला, वरचा इंचभर कोरडा, अशी स्थिती राहिली पाहिजे.

पेटीखाली ठेवायचा हीटिंग पॅड इथे कुचकामी आहे. पाच इंच ओल्या मातीतून उष्णता वर पोहोचत नाही. ती खाली अडकते आणि काच तडकू शकते. उष्णता वरून द्यावी लागते, दिवा किंवा सिरॅमिक हीटरने. त्याला थर्मोस्टॅट आणि जाळीचा पिंजरा दोन्ही हवेत. साप तापलेल्या वस्तूपासून पटकन दूर होत नाही, उलट तिला वेढा घालतो. भाजलेला साप ही पशुवैद्यकाला दिसणारी नेहमीची केस आहे आणि तिचे कारण जवळजवळ नेहमी पन्नास रुपयांची न लावलेली जाळी किंवा टाळलेला थर्मोस्टॅट असते.

महाराष्ट्रात काय बदलते?

यातली बहुतेक मार्गदर्शक माहिती लंडन किंवा ओहायोच्या हिवाळ्यासाठी लिहिलेली आहे. तिथे बाहेर थंडी आणि घरात कोरडी हीटरची हवा असते, त्यामुळे ऊब द्या, ओल वाढवा, वरची जाळी झाका, असा सल्ला मिळतो. तो जुलैतल्या मुंबईत जसाच्या तसा पाळला तर पेटीतली हवा कोंडते. बाहेरच आर्द्रता ८५-९० टक्के असताना झाकलेल्या पेटीत पाणी सुकायला वावच उरत नाही. तोंडात चिकट लाळ, श्वासाचा शिट्टीसारखा आवाज, डोके वर धरून बसणे ही श्वसनसंसर्गाची लक्षणे मग दिसतात. किनारपट्टीवर पावसाळ्यात झाकण काढायचे, पाणी देणे जवळपास थांबवायचे आणि हवा खेळती ठेवायची. हवी तर खोलीत छोटा पंखा, पण झोत सापावर नको.

विदर्भात प्रश्न उलटा. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो. हीटर बंद असला तरी बंद खोलीतली काचेची पेटी ३५ अंशांपलीकडे जाते आणि सापाला तिथून पळायला जागा नसते. थर्मोस्टॅट हीटर बंद करू शकतो, खोली थंड करू शकत नाही. म्हणजे वातानुकूलन, आणि वातानुकूलन म्हणजे कोरडी हवा, आणि कोरडी हवा म्हणजे तुकड्यातुकड्याने निघणारी कात. त्यात वीज गेली तर? ८० वॉटचा हीटर १२ तास चालला तर दिवसाला जेमतेम एक युनिट वीज लागते आणि इन्व्हर्टरवर तो निभावतो. वातानुकूलन यंत्र निभावत नाही. विदर्भ-मराठवाड्यात साप ठेवण्याचा निर्णय हा मे महिन्यातल्या दुपारी वीज नसण्याचा विचार करूनच घ्यावा लागतो.

अशी पेटी कधी चुकीची ठरते?

नवा साप आला की लगेच. आधी त्याला दोन-तीन महिने कागद अंथरलेल्या साध्या डब्यात वेगळे ठेवावे लागते. सापाच्या अंगावरचे गोचिडीसारखे बारीक माइट मातीच्या पेटीत शिरले तर औषधाने माइटबरोबर आयसोपॉडही मरतात आणि ८० लिटर माती फेकावी लागते. आजारी, जखमी किंवा खाणे सोडलेल्या सापालाही कागदच बरा, त्याची विष्ठा पाहता येते, वजन आणि हालचाल टिपता येते. माती निर्जंतुक करता येत नाही. जंत किंवा क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी आत गेला की तो तिथेच राहतो.

घरातल्या माणसांनाही एक धोका आहे. निरोगी दिसणारे सापही साल्मोनेला बाळगतात. पेटीत हात घातल्यावर साबणाने हात धुणे, पेटीतले पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये न ओतणे हे नियम पाळावे लागतात. पाच वर्षांखालील मूल घरात असेल तर सरपटणारे प्राणी न पाळणेच बरे, असा सल्ला सार्वजनिक आरोग्य यंत्रणा देतात.

काचेच्या सरकत्या दाराला कुलूप नसेल तर बॉल पायथन नाकाने ते सरकवून निघून जातो. आपल्याकडे इमारतीच्या जिन्यात दिसलेला अनोळखी, ठिपक्यांचा साप घोणस समजून मारला जाण्याचीच शक्यता जास्त. पाचशे रुपयांच्या आतले कुलूप इथे झाडांपेक्षा महत्त्वाचे.

किती वर्षांची बांधिलकी?

नीट सांभाळलेला बॉल पायथन २० ते ३० वर्षे जगतो. पेटीतली माती दोन-तीन वर्षांनी बसते आणि काही भाग बदलावा लागतो. मनीप्लांट दर दोन महिन्यांनी छाटावा लागतो, नाही तर तो दिव्यापर्यंत चढतो. आज बारावीत असलेल्या मुलाने घेतलेला साप त्याच्या शिक्षणात, पहिल्या नोकरीत, भाड्याच्या तीन-चार घरांत आणि लग्नानंतरही सोबत असेल. दर वेळी घर बदलताना ही सुमारे शंभर किलोची पेटी रिकामी करून पुन्हा लावायची, सापाला त्या काळात कागदाच्या डब्यात ठेवायचे, आणि तो दुसऱ्याला द्यायची वेळ आली तर ‘परिवेश’वर हस्तांतरणाची नोंद करायची.